आजोबांचं आजारपण

वेस्ट विंडसर,
२९ ऑक्टोबर २००६

ती. अण्णांना नीलांबरीचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. थंडी पडलीय, पण घर गरम असतं. तुमचा गुडघा काय म्हणतो? आईला सांगा, मेतकूट अजून पुरतंय.

हे फोनवर बोलवलं नसतं, तुमच्या शेजारी आई असते. इथे नवा कायदा झालाय. परक्या देशाच्या माणसाला सरकारने युद्धातला शत्रू ठरवून कोंडलं, तर त्याला कोर्टात दादही मागता येणार नाही. नैनाच्या वर्गात त्यावर चर्चा झाली. तिने उभं राहून सांगितलं, "माझे आजोबाही आणीबाणीत खटल्याशिवाय तुरुंगात होते." तुमच्याकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, येरवड्यातल्या कच्च्या भाकरीसकट. टीचरने कौतुकाने मला फोन केला.

आणि अण्णा, मी घाबरले. आमचं ग्रीन कार्ड अडकलंय, संजयचं बॅकग्राउंड चेक अजून चालू आहे. मी म्हटलं, "तिचा गोंधळ झालाय. आजोबा तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते." ज्या तुरुंगवासासाठी गावाने तुम्हाला हार घातले, त्याचं मी आजारपण करून टाकलं. फोन ठेवल्यावर तुमच्या फोटोकडे बघवेना.

नैना तिथेच उभी होती. काल गाडीत हळूच म्हणाली, "आई, आजोबांनी असं काय वाईट केलं होतं?"

तुम्हाला नेलं तेव्हा मी आठ वर्षांची होते, अण्णा. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

'तुमची' असं लिहायला आज हात धजत नाही.

नीलू