रंगाच्या डब्यांमागचा भोंगा

लोरियां, १४ ऑक्टोबर

तांगी,

तुझं पत्र पोचलं. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तोंड त्याहून जास्त. बंदरात सार्डिन मासळी उतरतेय आणि बोटदुरुस्तीच्या शेडमध्ये रेझिनच्या वासाने डोकं भणभणतंय, म्हणजे सगळं नेहमीचंच.

तुझ्या बोटीवरून उचलून आणलेला गुल्वेन अजून पुनर्वसन केंद्रातच आहे. परवा गेले तर म्हणाला, "बायको, आज मी स्वतःहून कुशीवर वळलो." नर्सने टाळ्या वाजवल्या, मग मीही वाजवल्या. पायांत अजून काही जाणवत नाही. तू एकदाही फिरकला नाहीस, पण तुझ्यावर रागावेल तो कसला गुल्वेन? "तांगीला नव्या बोटीचं बघायचंय गं," म्हणतो.

तर नवी बोट. रविवारी नामकरण आणि शॅम्पेनची बाटली फोडणारी धर्ममाता म्हणून तुला मीच हवी. "ताई, जुनीवर तूच बाटली फोडली होतीस," असं लिहितोस. फोटो छान येतील, नाही का?

जुनी माझ्याच शेडमध्ये दुरुस्तीला आहे, हे विसरलास वाटतं. शर्यतीत तरंगता कंटेनर आदळला, असं तू पत्रकारांना सांगितलंस. आपल्याकडे सगळेच असं सांगतात आणि सगळेच माना डोलावतात. एवढे कंटेनर तरंगत असते तर अमेरिकेला चालत जाता आलं असतं. बोटीला पाण्यावर उचलणारा तो पंख जिथे मोडलाय, त्या खाचेत मला कातडी सापडली. काळी, जाड, आत चरबी. चिमट्याने काढत बसले. व्हेल होती, तांगी, आणि हे तुला पहिल्या क्षणापासून माहीत आहे.

मी दूधखुळी नाही. पंख लावून इतक्या वेगाने उडायचं तर कधीतरी कुणीतरी आडवं येणारच. म्हणून तर तो भोंगा बनवला, पाण्याखाली वाजणारा, व्हेलला दुरून ऐकू जाणारा. त्यात माझे तीन हिवाळे गेले. तू तो छातीशी धरून फोटो काढलास, प्रायोजकांनी त्याची पोस्टरं लावली.

सोमवारी तो सापडला. रंगाच्या डब्यांमागे, तुझ्या मोज्यात गुंडाळलेला.

बोटीचं वजन कमी करायला काढलास, दुसरं काय? टूथब्रशच्या दांड्या कापून नेणारे लोक तुम्ही. पण आईने दिलेला लोण्याचा केक नेलास ना? तो मीच बोटीवर चढवला. भोंग्यापेक्षा जड होता.

लिहायचं टाळत होते ते आता लिहिते. कातडीचं मी गुल्वेनला सांगितलं. तो म्हणाला, "तुझा भोंगा वाजत होता, म्हणून तर मी पट्टा न बांधता झोपलो होतो. बहिरी असेल बिचारी." पट्टा असता तर धडकेसरशी तो बिछान्यातून उडून लोखंडावर आपटला नसता. मी त्याला सूप भरवत राहिले. भोंग्याचं मला सांगवलं नाही.

ते तू सांगायचंस. शनिवारपर्यंत ये, त्याच्या खाटेजवळ बस आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांग. आलास तर रविवारी मी घरीच राहीन, तोंड उघडणार नाही, हा माझा शब्द. नाही आलास, तर नामकरणाला मी नक्की येईन. कॅमेऱ्यांपुढे उभी राहीन, पण माझ्या हातात बाटली नसेल.

खाली 'तुझी ताई' लिहायची सवय आहे. आज हात वळत नाही.

एनोरा,
गुल्वेनची बायको