धुक्यातली पाटोडी

हुडकेश्वर, नागपूर
सोमवार, १२ जानेवारी

प्रिय उन्मेषदादा,

नमस्कार. कागदावर लिहितेय, कारण फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. आईबाबांना वाचून दाखवू नकोस.

बागेतली संत्री मिळाली. सालं अजून टेबलावर आहेत, खोलीभर वास आहे. इथे कडाक्याची थंडी, त्यात मिहानच्या ऑफिसात एसी चालू. आम्ही सगळे स्वेटर घालून बसतो. नरखेडला तर याहून जास्त गारठा असेल. गुडघा दुखतो का रे?

काल ऑफिसातली रितिका आणि मी रामटेकच्या पुढच्या आपल्या कातळावर गेलो होतो. चिडून पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढे वाच.

धुकं असं की जवळचा पळससुद्धा दिसेना. वर जाऊन दोर अडकवला, रितिका खाली दोर धरून उभी राहिली आणि मी चढायला लागले. थोड्याच वेळात खालची जमीन गेली. वरही काही नाही. मी, दगड, आणि खाली धुक्यात शिरलेला दोर. दगड फ्रीजमधून काढलेल्या पातेल्यासारखा गार. बोटं माझीच आहेत का, ते कळेना. भीती नाही वाटली. उलट गोड पेंग आली. गाल दगडाला टेकवून तिथेच राहावं, कुणी हाक मारू नये, असं वाटलं.

"काहून थांबली वं?" खालून रितिकाचा आवाज आला.

मी तुझ्या खाचेपाशी होते. दोन हिवाळ्यांमागे जिथला दगड तुझ्या पायाखालून निसटला, तिथे. तिथे आता फिकट खूण आहे. मी त्या खुणेकडेच बघत राहिले.

मग धुक्यातून आवाज आला, "आज पाटोडी हाय. रस्सा झणझणीत. ज्वारीची भाकर अन् कांदा. लवकर जा वर, रस्सा थंडा होऊन राहिला. नाही तर तुझ्या वाटची मीच खाऊन टाकतो."

दोर धरून तू मला कधी शाबास म्हटलं नाहीस, नेहमी जेवायला काय आहे तेच सांगत राहायचास. आवाज रितिकाचा, पण शब्द तुझेच होते. "टाकतो"सुद्धा. क्षणभर त्या टोकाला तूच बसला होतास. मी हसले आणि पाय उचलला.

वर ऊन होतं. बराच वेळ बसून राहिले.

खाली आल्यावर रितिकाला विचारलं. ती संत्रं सोलत होती. म्हणाली, "मीच फोन केला होता दादाले. तुझा दोर मी धरणार, मंग विचारायले नको? म्हणे, ती त्या खाचेपाशी थांबणारच. थांबली की जेवणाचं बोल. घंटाभर बोलले. मी पाठ करून घेतलं."

माझ्याशी "बरं", आणि रितिकाशी घंटाभर. वा रे वा.

आई मागे म्हणाली होती, विहिरीतली मोटर काढायला तू तुझा दोर वापरलास. ज्याच्यावर तू कुणाला पाय ठेवू द्यायचा नाहीस, तो दोर. तेव्हा मी समजले, दादाचं संपलं. त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, हे तुला सांगितलं नव्हतं. पण ज्याचं संपलं, तो घंटाभर कसा बोलेल?

दादा, तुझ्या पायाला चढता येणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण कातळाखाली तो पळस आहे. त्याला पाठ टेकून, कमरेला बांधून, बसल्या बसल्या दोर धरता येतो. नवा दोर मी घेतलाय. पायवाटेपर्यंत गाडी जाते, पुढे रितिका आणि मी आहोत. रितिका दोर चांगला धरते. तरी मला तू हवा आहेस.

रविवारी ये. पाटोडी मी खरंच करून आणते.

तुझी,
दोराच्या वरच्या टोकाला,
नीला