अण्णांची थाप

गुरुवार, तिन्हीसांज. तिसगाव

थोरले बंधू अण्णा जन्मभर बैलांचे पारखी. बाजारात बैलाच्या पाठीवर थाप मारायची, कातडी थरथरली तर "धमक हाय", नाहीतर तो बैल सोडून पुढची दावण. संस्कृतात याला ओज म्हणतात, असं मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "पंडित, तुझं वज बाजारात कुनी इचारत न्हाई."

लकवा झाल्यापासून खाटेवरच आहेत. आज माझा हात धरून त्यांनी स्वतःच्या लुळ्या मांडीवर थाप मारायला लावली. "बघ, धमक हाय का?"

कातडी हलली नाही. पुन्हा मारली. नाहीच.

"हाय की, अण्णा."

खोटं कशाला बोललो? त्यांना थापेआधीच ठाऊक होतं.

अर्ध्या तोंडाने हसले. "तुला कुनीबी म्हातारा बैल इकंल. चल, फुडच्या दावनीला."

मी मांडीवरून हात उचलला नाही.