अडतीस मिनिटं

न्हावरे, ता. शिरूर
१४ डिसेंबर २०२५

ताई,

विक्रमचा नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल. दाजींचा गुडघा कसा आहे? करिश्माची सहामाही झाली असेल. इकडे कारखाने सुरू झालेत, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळं एसटी कधीच वेळेवर नाही. थंडी पडली आहे. स्टुडिओत लग्नांची कामं आहेत. मी आणि नीलम बरे आहोत. आई बरी आहे.

तुझा मेसेज मिळाला. तू आईसाठी नाही, आप्पांच्या वर्षश्राद्धासाठी म्हणून येणार, आणि त्यांचा तो थंडीतला फोटो मोठा करून लावायचा. पुण्याच्या स्पर्धेत पहिला आलेला. 'आप्पा किती शांत दिसतात' असं तू लिहिलंस. त्यावर उत्तर चार वेळा टाइप केलं आणि पुसलं. म्हणून हे पत्र.

फोटो चांगला आहे, हे मीही म्हणतो. उसाच्या शेंड्यांपर्यंत धुकं. कांद्याच्या पातीवर दव गोठून पांढरं झालेलं. खांद्यावर फावडं घेतलेले आप्पा, तोंडातून निघालेली वाफ आणि मागून सूर्य. परीक्षकांनी लिहिलं होतं, थंडीचं सौंदर्य आणि शेतकऱ्याचे कष्ट एकाच चौकटीत आलेत.

ते कष्ट नव्हते, ताई. त्या आठवड्यात वीज दुपारची होती. पिकाला पाणी द्यायचं, दारं धरायचं, तेही दुपारीच होतं. सकाळी रानात जायला आप्पांना काही कारणच नव्हतं. मी त्यांना उठवून नेलं.

कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोची वेळ राहते. पहिला सहा एक्केचाळीसचा, शेवटचा सात एकोणीसचा. अडतीस मिनिटं.

आधी मी त्यांना स्वेटर काढायला लावला. तो भडक निळा, फोटोत डोळ्यांत खुपत होता. मग कानटोपी. मग चपला. आदल्या दिवशी भिजवलेल्या वाफ्यातून ते अनवाणी चालत जायचे आणि मी परत बोलवायचो, कारण तोंडातली वाफ हवी तशी येत नव्हती.

"इक्रम, पायाला काय कळंना बघ," ते म्हणाले.

"एकदाच, आप्पा. सूर्य आलाच."

"तू म्हनतोस तर जातो. पर कापरं भरलंय मला."

फोटोत त्यांचा फावड्यावरचा हात जरा पुसट आहे. लोकांना वाटतं, ते धुकं आहे.

तिसऱ्या दिवशी ताप आला. पाचव्या दिवशी दौंडला दवाखान्यात नेलं. नवव्या दिवशीचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच कमजोर होती, कशानंही झालं असतं. तेवढंच वाक्य मी वर्षभर धरून बसलो.

आप्पांच्या दहाव्याला तू सगळ्यांसमोर आईला विचारलंस, "एवढ्या गारठ्यात म्हाताऱ्या माणसाला दारं धरायला धाडलंस?" आई म्हणाली, "व्हय, म्याच धाडलं." मी दोन हात अंतरावर चहाचे कप गोळा करत होतो. बोललो नाही. दुपारी तुला गाडीवरून स्टँडवर सोडलं, एसटी यायला अर्धा तास होता. तिथंही बोललो नाही.

तुला वाटेल, मी मनातून खचलो असेन. तसंही नाही. नवरा-नवरीला हसायला सांगतो, जेवतो, झोपही लागते. बक्षीस घ्यायला स्टेजवर गेलो, टाळ्या झाल्या, तेव्हाही आत काही हललं नाही. त्याचीच आता भीती वाटायला लागली आहे.

मागच्या सोमवारी आईला सगळं सांगितलं. ती अंगणात उन्हाला बसून मेथी निसत होती. हात थांबले नाहीत.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "सूटर बांधावर पडल्याला. म्याच आनला की घरी."

"मग ताईला खोटं का सांगितलंस?"

"बाप गेल्ता तिचा. त्याच्या मागनं भाऊबी जाया नको म्हनून." मग तिनं मेथीची दुसरी जुडी ओढली. "पर ती मला फोनच करंना, इक्रम. ह्याचा इचार न्हवता केला म्या."

तो फोटो मी मोठा करणार नाही. स्पर्धावाल्यांनाही कळवलंय, बक्षीस परत नेऊन देणार आहे. श्राद्धाला आधार कार्डाच्या वेळचा फोटो लावू. त्यात ते वैतागलेत, पण अंगभर कपडे आहेत.

आणि आई बरी आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही. दोन घास खाते आणि उठते. तुझं नाव काढलं की आत निघून जाते.

मला काय बोलायचं ते समोर आल्यावर बोल, नाहीतर बोलू नकोस. तू म्हणशील तर श्राद्धाच्या दिवशी मी घरात थांबणार नाही. पण हे वाचून झालं की आधी तिला फोन लाव. दुपारी दोन ते चार ती एकटी असते.

तुझ्यासमोर गप्प राहिलेला,
विक्रम