गांडुळांच्या धंद्याचा सरकारी नंबर

तीर्थरूप ऑर्फाताई,

ड्युईचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. नसेल तर हे पत्र बसून वाच. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, गांडुळंसुद्धा. तळ्यावर गळ टाकायला येणाऱ्यांना मी ती डब्यात भरून विकतो, हे तुला ठाऊक आहेच (थट्टा तूच सुरू केलीस). तर बँक म्हणाली, धंद्याचं खातं हवं असेल तर केंद्र सरकारचा कर नंबर आणा. मी कॉम्प्युटरवर शोधलं. पहिल्याच साईटवर गरुड, झेंडा आणि खांबांची पांढरी इमारत. एवढं सगळं सरकारशिवाय कोणाकडे असणार? भरले दोनशे एकोणऐंशी डॉलर (त्यातले तीस घाईचे, घाई कसली ते विचारू नको, गांडुळं कुठे पळून चालली नव्हती). नंबर संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी ऐटीत बँकेत गेलो, तर खिडकीमागच्या बाई हळूच म्हणाल्या, "ड्युईकाका, याचे पैसे भरलेत? हा तर सरकार फुकट देतं. ती साईट कुणा दलालाची असणार."

व्हेल्मा बाहेर गाडीत होती. गेल्याच महिन्यात तिने फ्रीजरची जादा गॅरंटी घेतली, तेव्हा मी तिला अख्ख्या चर्चच्या मंडळींसमोर भोळी म्हणालो होतो. आता कोणत्या तोंडाने सांगू? म्हणालो, सरकारी फी आहे, इलाज नाही. वाटलं, विषय संपला. पण तुझी भावजय भडकली. शनिवारी अग्निशमन दलाच्या पॅनकेकच्या न्याहारीला खासदार येणार आहेत, आणि ही माइक घेऊन विचारणार आहे, की गरीब माणसाने गांडुळं विकायला सरकारला दोनशे एकोणऐंशी का द्यायचे. आणि तिथे पॅनकेक उलटायला दरवर्षी बँकेतल्या त्याच बाई असतात.

बाकी टोमॅटो यंदा छान आलेत.

तुझा,
ड्युई

ता. क. शनिवारी व्हेल्माला काहीही निमित्त काढून तुझ्याकडे बोलावून घे. आजारी पडायचं झालं तर शुक्रवारी पड. फार नाही, न्याहारी उरकेपर्यंत पुरेल इतकंच.

आणखी एक ता. क. वन्सं, मी व्हेल्मा. यांनी पाकीट तिकीट लावायला माझ्याकडे दिलं, चिकटवायचं मात्र विसरले. गेल्या वर्षी गोधड्या विकण्यासाठी मीही त्याच गरुडाला तेवढेच पैसे भरले. यांना सांगितलं, दोरा महागला. एकाच घराने दोनदा फी भरली म्हणून तर माझा जीव जळत होता. नंबर फुकट मिळतो हे आत्ता वाचलं. तेव्हा आजारी जरूर पडा, पण बोलावणं यांना धाडा. मी कशी फसले ते मला माइकवरून सगळ्या गावाला सांगायचंय; फक्त यांना कळता कामा नये.