पिस्तूल कुठं लावावं

अणदूर, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

जळकोटच्या रस्त्यावर कुणी अनोळखी दोघांनी दोनदा माझ्या गाडीचा पाठलाग केला, तेव्हापासून पिस्तूल जवळ बाळगायचं ठरवलंय. परवाना आहेच. प्रश्न एवढाच, की लावायचं कुठं?

आज पिस्तुलातलं गोळ्यांचं मॅगझिन काढून ठेवलं आणि आरशासमोर उभा राहिलो. मागं खाटेवर सुनंदा मेथी निवडत होती. आरशात ती माझ्या खांद्यावरून दिसत होती.

पोटाशी खोचलं तर हात लगेच पोचतो, पण खाली बसलं की नळी थेट मांडीवर. पाठीमागं खोचलं तर गाडीवर मणक्याला रुततं, शिवाय मागून कुणी ओढलं तर? उजव्या कमरेला बरं वाटलं. तिथून चटकन काढून वळलो, तर नळी सुनंदाकडं.

"अहो, इकडं नका करू ते!"

"रिकामं हाय गं," मी हसलो. चाप ओढून दाखवणार होतो. का थांबलो, कोण जाणे.

कपाटात ठेवताना पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढला, तर एक गोळी टणकन फरशीवर पडली आणि खाटेखाली गेली. मॅगझिन बाहेर, आणि ही आत नळीत. एवढा वेळ आतच. आरशात बघत होतो तेव्हाही.

"काय पडलं ओ?"

"बटण."

तिनंच वाकून ती काढली. बघितली. माझ्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा मेथी निवडायला बसली.