मिनिटाला तीन थेंब

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा बोटींची इंजिनं दुरुस्त करणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत. डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. कान तर असे तिखट की शेजारच्या खोलीत माझ्या आजाराबद्दल चाललेली कुजबुज मी शब्दशः सांगू शकतो. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी माझी बोट फोडून टाकायला सांगितलं होतं, केवळ ती धाकट्या भावाला मिळू नये म्हणून.

१. राहतं घर पत्नीचं, तिच्यानंतर मुलीचं. बैठकीत भावाने दिलेलं घड्याळ आहे. ते मिनिटभरही मागे पडत नाही, म्हणून वीस वर्षं मला खुपतं आहे. माझ्यामागे ते भिंतीवर राहायला हरकत नाही.

२. बँकेतली शिल्लक दोघींना निम्मी निम्मी. भांडू नये, भांडण्याइतकी ती नाही.

३. लेथ आणि सगळे पाने जावयांना. हुशार आहेत, पण आधी पाना फिरवतात आणि मग विचार करतात.

४. शिडाची बोट. इथे सविस्तर लिहिणं भाग आहे.

इंजिनाने फिरणाऱ्या पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, बोटीच्या बुडातून बाहेर पाण्यात जातो तिथे मी जुन्या पद्धतीचा मोठा नट ठेवला आहे. आत चरबी लावलेल्या चौकोनी दोरीची तीन कडी; नट आवळला की ती शाफ्टवर दाबली जातात आणि पाणी अडतं. इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब आत पडलेच पाहिजेत, शाफ्ट त्यानेच थंड राहतो. मी ते कानाने मोजतो. हे काम मीच धाकट्याला शिकवलं. त्याने समोरच स्वतःचा कारखाना थाटला आणि थेंबही न गळणारं रबरी सील आणलं. गिऱ्हाइकं तिकडे वळली. तेही पचवलं. पण एकदा त्याच्या बोटीतून उतरताना माझी पत्नी म्हणाली, "भावोजींच्या बोटीत बघा, पुसून काढल्यासारखं कोरडं. आपल्याकडे मेलं सदा ठिबक ठिबक."

ज्या थेंबांवर आमचा संसार उभा राहिला त्यांना ती मेलं म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर लोकांना बजावलं की नट एका पैलूइतकाच फिरवा, इंजिन चालवा, नटाला हात लावून बघा, थेंब मोजा, मगच पुढचा पैलू. आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः तोच नट पुरे दोन फेरे आवळला. थेंब थांबला. पत्नीला बोलावून ऐटीत दाखवलासुद्धा. मग एकटाच बोट घेऊन निघालो. तासाभरात धूर. दोरी जळाली, शाफ्टला खाच पडली, पाणी धारेने आत येऊ लागलं आणि वाराही पडलेला.

ओढून न्यायला धाकटाच आला. त्याने नटाला हात लावला, चटका बसला, आणि माझ्या बोटीला दोर बांधला. धक्क्यावर माणसं जमली होती. त्यांना तो म्हणाला, "पंख्यात जाळं अडकलं होतं. दादाने वेळीच इंजिन बंद केलं म्हणून वाचलं."

लोकांनी माझी पाठ थोपटली. त्याने चारचौघांत एक टोमणा मारला असता तर फिट्टंफाट झाली असती. पण चांगुलपणातही तो माझ्या चार पावलं पुढे निघाला, आणि हे मला गेलेल्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त जाळतं.

आता मला बोटीत उतरवत नाही. परवा मुलीने सांगितलं की काका दर सोमवारी गुपचूप जाऊन नट बघतो. मी विचारलं, स्वतःचं रबर बसवलं का त्याने? ती म्हणाली, "नाही हो बाबा. इंजिन चालवून नटाखाली तळहात धरून थेंब मोजत बसतो." त्याला ऐकू कमी येतं. तेवढं एक देवाने मला जास्त दिलं.

म्हणून बोट त्याची. अट कसलीही नाही. वाटलं तर रबर बसवावं. हे कलम मात्र धक्क्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. पंख्यात जाळंबिळं काही नव्हतं, हे लोकांना कळू दे. माझ्या हयातीत वाचू नये. त्याने माझ्या तोंडावर "जाऊ दे रे दादा" म्हटलेलं मला सोसणार नाही.

साक्षीदार: १. शिडं शिवणारे शेजारी (सही). २. डॉक्टर (सही). भावाला साक्षीला बोलावलेलं नाही. ज्याला मिळायचं त्याची साक्ष कायद्याला चालत नाही, आणि त्याने हे आधी वाचलेलं मला चालत नाही.

ठिकाण: कारखान्यावरची खोली
दिनांक: ९ मार्च
सही: थोरला